वाक्य मोजायची पट्टी

आयईएलटीएसच्या क्लासमध्ये माझ्या पहिल्याच निबंधावर शेरा आला होता, ‘वाक्यं फार साधी आहेत. कॉम्प्लेक्स करा.’ शेजारी लाल पेनाने तीन ठिकाणी ‘बिकॉज’, दोन ठिकाणी ‘ऑल्दो’ आणि एका ठिकाणी ‘व्हिच’ सुचवलेलं. मी गुमान ते सगळं घातलं. पुढच्या निबंधावर शेरा मिळाला, ‘आता बरं आहे.’ मला जे म्हणायचं होतं ते होतं तेवढंच राहिलं होतं, फक्त वाक्यांना सांधे वाढले होते.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो. शाळेत केवल, संयुक्त आणि मिश्र असे वाक्यांचे तीन प्रकार पाठ केलेले असतात आणि त्यातलं मिश्र म्हणजे हुशारांचं, असं कुणी न सांगताही मनात बसलेलं असतं. पण हे ठरवलं कुणी? जास्त गौण वाक्यं म्हणजे जास्त चांगली भाषा, हा हिशेब आला कुठून?

शोधत गेलं की ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गात जाऊन पोचते. तिथून ती बेल लॅब्समध्ये जाते, चिनी विद्यार्थ्यांच्या निबंधांत शिरते आणि फिरत फिरत आपल्या वहीत येते. वाटेत तिचा एक थांबा कोल्हापूरला आहे.

वाक्यं मोजायची हौस त्याहूनही जुनी. १८९३ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक एल. ए. शर्मन यांनी ‘अ‍ॅनालिटिक्स ऑफ लिटरेचर’ नावाचं पुस्तक काढलं. शतकानुशतकांचं इंग्रजी गद्य घेऊन त्यांनी एकेका वाक्यातले शब्द मोजले होते. हातानेच, दुसरं साधन नव्हतंच. एलिझाबेथ राणीच्या आधीच्या लेखकांचं वाक्य सरासरी ५० शब्दांचं भरलं, तिच्या काळात ४५, व्हिक्टोरियाच्या काळात २९ आणि शर्मन यांच्या स्वतःच्या काळात २३. वाक्य आखूड होत बोलण्याच्या जवळ येतंय, ही त्यांना भाषेची प्रगती वाटली. गंमत बघा, साहित्याच्या बाबतीत आखूड वाक्य म्हणजे प्रगती होती. पुढे शाळकरी मुलांच्या बाबतीत मात्र लांब वाक्य म्हणजे प्रगती ठरली. १९३३ मध्ये लू लाब्रँट या संशोधिकेने मुलांच्या लेखनात गौण वाक्यांचं प्रमाण वयाबरोबर वाढतं असं दाखवलं, आणि तेव्हापासून ‘मोठं झालेलं लेखन’ ओळखायची खूण म्हणून गौण वाक्यांकडे बघितलं जाऊ लागलं.

पण मुलांची वाक्यं मोजायला बसलं की पहिल्याच पानावर अडचण येते. मुलं पूर्णविराम देत नाहीत.

या अडचणीशी सगळ्यात नेटाने झुंजलेला माणूस म्हणजे फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतले केलॉग हंट. १९६५ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. चौथी, आठवी आणि बारावी अशा तीन इयत्ता, प्रत्येक इयत्तेतले नऊ मुलगे आणि नऊ मुली, प्रत्येकाचे हजार शब्द. म्हणजे ५४ मुलांचे ५४ हजार शब्द, आणि सगळी मोजणी पेन्सिलीने. त्यात चौथीतल्या एका मुलाने ‘मोबी डिक’ सिनेमाबद्दल लिहिलं होतं. पांढरा देवमासा, कॅप्टन, सोन्याचं बक्षीस असं सगळं सांगत तो सुटला होता, आणि शेवटापर्यंत कुठे थांबाच नाही. पूर्णविरामावर भरवसा ठेवला तर हे सबंध एकच वाक्य. मग सरासरी काढली की चौथीतला हा मुलगा मोठमोठ्या लेखकांच्या पंगतीत जाऊन बसणार!

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीमुळे. त्याआधीच्या मोडीतल्या कागदांत ओळ सुरू होते ती वाहतच राहते. त्यातलं ‘वाक्य’ कुठे संपतं हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. वाक्य ही भाषेतली गोष्ट आणि पूर्णविराम ही छापखान्यातली, हे आपल्याला खरं तर अमेरिकनांच्या आधी कळायला हवं होतं.

हंट यांनी तोड काढली ती अशी: मुलाने पूर्णविराम कुठे दिलाय ते विसरायचं. मजकुराचे असे तुकडे करायचे की प्रत्येक तुकड्यात एक मुख्य वाक्य असेल आणि त्याला लटकलेली सगळी गौण वाक्यं त्याच्यासोबतच राहतील. याहून लहान तुकडा केला तर तो अर्धवट वाटला पाहिजे. या तुकड्याला त्यांनी नाव दिलं टी-युनिट. आपल्या भाषेत करून बघू. ‘आम्ही सिनेमा बघितला आणि तो मला आवडला आणि त्यात एक मासा होता जो पांढरा होता आणि कॅप्टन रागावला.’ पूर्णविरामाप्रमाणे हे १८ शब्दांचं एक वाक्य आहे. हंट यांच्या हिशेबाने यात चार तुकडे आहेत: सिनेमा बघितला, मला आवडला, मासा होता जो पांढरा होता, कॅप्टन रागावला. म्हणजे सरासरी साडेचार शब्द. ‘आणि’, ‘आणि’ करत लावलेली गाडी डब्या-डब्यांनी सुटी झाली.

आता त्यांचे आकडे. चौथीतल्या मुलाचं टी-युनिट सरासरी ८.६ शब्दांचं, आठवीत ११.५, बारावीत १४.४. तुलनेसाठी त्यांनी ‘हार्पर्स’ आणि ‘अटलांटिक’ या मासिकांतले लेखही मोजले. तिथे आकडा आला २०.३. चढता जिना दिसतो, सरळसोट. पट्टी म्हणून ही कल्पना लोकांनी उचलली यात आश्चर्य नाही.

पण याच अहवालात दुसरी एक मोजणी आहे, आणि मला सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे असं वाटतं. टी-युनिट दोन प्रकारे लांब होऊ शकतं. एकतर त्यात जास्त गौण वाक्यं भरायची, नाहीतर आहे तेच उपवाक्य आतून भरदार करायचं. हंट यांनी दोन्ही वेगवेगळं मोजलं. दर टी-युनिटमागे उपवाक्यं चौथीत १.३०, आठवीत १.४२, बारावीत १.६८. म्हणजे शाळेत गौण वाक्यं खरोखर वाढतात. बारावीनंतर मासिकांतल्या लेखकांपर्यंत पोचलं की मात्र हा आकडा १.७ च्या जरासा पुढे जाऊन थांबतो. एका उपवाक्याची लांबी बघा: चौथीत ६.६ शब्द, आठवीत ८.१, बारावीत ८.६ आणि मुरलेल्या लेखकांकडे एकदम ११.५. बारावीचा विद्यार्थी आणि कसलेला लेखक यांच्यातलं अंतर ‘बिकॉज’ आणि ‘व्हिच’ यांच्यात फारसं नाहीच. ते उपवाक्याच्या पोटात आहे.

१९७० मध्ये हंट यांनी हेच आणखी एका युक्तीने दाखवलं. अ‍ॅल्युमिनियम कसं तयार होतं याबद्दल अगदी चिमुकली ३२ वाक्यं त्यांनी लिहिली आणि वेगवेगळ्या वयांच्या लोकांना सांगितलं की हे नीट करून लिहा. माहिती सगळ्यांना सारखीच, म्हणजे कुणाकडे सांगण्यासारखं जास्त आणि कुणाकडे कमी ही सबब राहिली नाही. लहान मुलं ‘अँड’ने जोडत गेली. मोठ्यांनी काय केलं तर काही वाक्यं गिळूनच टाकली. समजा ‘हे खनिज आहे’, ‘ते मातीसारखं दिसतं’, ‘त्यातून धातू निघतो’ अशी तीन वाक्यं असतील, तर चांगला लिहिणारा ‘मातीसारख्या दिसणाऱ्या या खनिजातून धातू निघतो’ असं म्हणून मोकळा होतो. दोन वाक्यांचं विशेषण झालं आणि क्रियापद एकच उरलं. हा प्रयोग त्यांनी अग्निशमन दलातल्या जवानांवरही केला, कारण त्यांना कॉलेजात न गेलेली, रोजचं काम करणारी मोठी माणसं हवी होती. जवानांचे आकडे बारावीच्या मुलांच्या थोडेसेच पुढे निघाले. नुसतं वय वाढून हे येत नाही.

त्याच वर्षी ‘टेसॉल क्वार्टर्ली’ या इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या नियतकालिकात हंट यांनी एक लेख लिहिला. परक्या भाषेतली वाक्यंही मातृभाषेतल्या वाक्यांसारखीच वाढतात का, असा त्याचा विषय. इथून ही पट्टी आपल्यासारख्यांच्या अंगाला लागली. टेबल उंचीला मोजणारी पट्टी घेऊन कुणी माणसाची उंची मोजायला लागलं तर चालून जातं. पण माणूस आधी एका भाषेत पूर्ण वाढलेला आहे आणि दुसऱ्या भाषेत पुन्हा लहान झालाय, अशा वेळी काय मोजायचं? चौथीतलं अमेरिकन मूल आणि एम. ए. झालेला, इंग्रजी शिकणारा माणूस यांचं टी-युनिट एकाच लांबीचं निघू शकतं. त्यांची डोकी एका लांबीची नसतात.

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखनात आणखी एक भानगड होती, ती म्हणजे चुका. लांबलचक पण मोडकं वाक्य लिहिणाऱ्याला जास्त गुण द्यायचे की आखूड पण धड लिहिणाऱ्याला? १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डायान लार्सन-फ्रीमन यांनी शिकणाऱ्यांचे निबंध तपासून दाखवलं की नुसत्या टी-युनिटपेक्षा बिनचूक टी-युनिट मोजली तर पातळ्या जास्त स्पष्ट वेगळ्या होतात. पट्टीला एक खूण वाढली. पण मोजणारी माणसं तीच, आणि शंभर निबंध म्हणजे कित्येक आठवड्यांची पेन्सिल.

इथे संगणक येतो. खरं म्हणजे तो आधीच दारात येऊन उभा होता. हंट यांच्या अहवालानंतर वर्षभरातच, १९६६ मध्ये, एलिस पेज नावाच्या माजी शाळामास्तराने ‘निबंध आता संगणक तपासणार’ असं जाहीर करणारा लेख लिहिला होता. निबंध पंचकार्डांवर टोचून मशीनमध्ये घालायचे. पेज प्रामाणिक माणूस होता. लेखनाचे खरे गुण मशीनला दिसत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने खऱ्या गुणांना एक नाव दिलं आणि त्यांच्या जागी मोजायच्या वरवरच्या खुणांना दुसरं. स्वल्पविराम, शब्दांची लांबी, निबंधाची लांबी, असं जे मोजता येईल ते मोजायचं आणि मास्तरांच्या गुणांशी जुळतंय का बघायचं. खूण म्हणजे गुण नव्हे, हा फरक त्याच्या कागदावर स्पष्ट होता. पुढे हा फरक वापरणाऱ्यांच्या डोक्यातून पुसट होत गेला.

१९८०च्या सुमाराला बेल लॅब्समध्ये लॉरिंडा चेरी यांनी युनिक्ससाठी ‘स्टाइल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर दिला की तो वाक्यांची सरासरी लांबी सांगायचा, आणि त्यातली साधी किती टक्के, संयुक्त किती, मिश्र किती हेही. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकातली तीन नावं अशी मशीनच्या तोंडी आली. मोठ्या पॅकेजचं नाव होतं ‘रायटर्स वर्कबेंच’, आणि कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते वापरायलाही दिलं गेलं. वाक्याची रचना मात्र त्या प्रोग्रॅमला कळत नव्हती. शब्दांचे शेवट आणि आजूबाजूचे शब्द बघून कुठलं नाम, कुठलं क्रियापद याचा तो अंदाज बांधायचा, आणि अंदाजावर टक्केवारी.

रचना कळायला आधी कुणीतरी माणसाने बसून हजारो वाक्यांची झाडं काढणं भाग होतं. कुठला शब्द कुठल्या फांदीला, कुठलं उपवाक्य कुणाच्या खाली. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मिच मार्कस आणि सहकाऱ्यांनी हे काम केलं आणि १९९३ मध्ये ‘पेन ट्रीबँक’ जगापुढे आली. त्यातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला भाग म्हणजे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधले सुमारे दहा लाख शब्द. या झाडांवरून संगणक शिकला. नवीन वाक्य आलं की त्याची शेकडो झाडं काढता येतात, त्यातलं सर्वात संभवनीय कुठलं ते निवडायचं. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॅन क्लाइन आणि ख्रिस्टोफर मॅनिंग यांनी या कामासाठी जो पार्सर केला तो मोफत मिळत असल्यामुळे सगळीकडे पसरला. २००६ मध्ये त्या झाडांत हवी ती फांदी शोधून देणारं ‘ट्रेगेक्स’ आलं. फोनमध्ये एखादा फोटो शोधावा तसं लाखो वाक्यांत ‘नामाला लटकलेलं उपवाक्य’ शोधता यायला लागलं.

आता कोल्हापूर. संगणकाला वाचता येईल असा इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा पहिला मोठा नमुना अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात तयार झाला होता. १९६१ साली छापलेल्या मजकुरातून ५०० तुकडे, प्रत्येकी साधारण दोन हजार शब्दांचे. मग ब्रिटिशांनी तसाच आपला केला. तिसरा कुणी केला? शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी. १९७८ मध्ये भारतात छापलेलं इंग्रजी घेऊन, तेच माप, ५०० तुकडे आणि दहा लाख शब्द. १९८६ मध्ये तो पूर्ण झाला आणि जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. कधी भाषाशास्त्राच्या परदेशी पुस्तकात हे नाव वाचलं तर दचकू नका, ते आपलंच कोल्हापूर.

याचं महत्त्व माझ्या मते शब्दसंख्येहून मोठं आहे. शिकणाऱ्यांचं इंग्रजी मोजताना गृहीत असतं की पलीकडे कुठेतरी पक्कं इंग्रजी आहे आणि हा माणूस अजून वाटेत आहे. शास्त्रींच्या नमुन्यात भारतीय माणूस वाटेत नाही. त्याच्या वर्तमानपत्राचा अग्रलेख अमेरिकन अग्रलेखाशेजारी ठेवायचा आणि दोघांची वाक्यं बरोबरीने मोजायची. इथलं वाक्य लांब निघालं तर ती चूक की इथली रीत, हा प्रश्न तरी विचारता येतो. कुठल्याही भाषेचा माणूस आयुष्यभर ‘शिकणारा’ किती काळ राहतो, यावर आयईएलटीएसच्या क्लासमध्ये कुणी बोलत नाही.

परत मशीनकडे. २०१० मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या शाओफेई लू यांनी हे सगळे सुटे भाग एकत्र जोडले. हंट यांची टी-युनिट, स्टॅनफर्डचा पार्सर, ट्रेगेक्सचे नमुने. त्यांच्या प्रोग्रॅमला निबंध दिला की तो आधी नऊ गोष्टी मोजतो: शब्द, वाक्यं, उपवाक्यं, टी-युनिट, गौण वाक्यं वगैरे. मग त्यांच्या गुणोत्तरांतून वाक्यरचनेच्या जटिलतेची १४ मापं काढतो. हंट यांना ५४ मुलांसाठी जे करायला प्रचंड मेहनत लागली ते आता चहा होईपर्यंत होतं. लू यांनी चीनमधल्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे साडेतीन हजारांवर निबंध यातून काढले.

इथे एक शंका तुम्हालाही आली असेल. जो पार्सर शेअर बाजाराच्या बातम्या वाचून शिकला, त्याला एकोणीस वर्षांच्या चिनी मुलीचा ‘माझं गाव’ छापाचा निबंध कळेल का? बऱ्यापैकी कळतो, असं लू यांनी माणसांनी केलेल्या मोजणीशी पडताळून दाखवलं. पण हे निबंध इंग्रजीच मुख्य विषय घेतलेल्या मुलांचे होते. वाक्य जितकं मोडकं तितकं झाड वेडंवाकडं होत जाणार. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वात जास्त गरज, त्यांच्याच बाबतीत मशीनचा अंदाज सर्वात कच्चा. शिकणाऱ्यांच्याच इंग्रजीची झाडं हाताने काढायचं काम एमआयटीतल्या येवगेनी बर्झाक आणि सहकाऱ्यांनी केलं ते २०१६ मध्ये, केंब्रिजच्या परीक्षेतल्या निबंधांमधली ५,१२४ वाक्यं घेऊन.

२०११ च्या ‘टेसॉल क्वार्टर्ली’च्या एकाच अंकात दोन लेख पाठोपाठ छापले गेले. पहिला डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी इंग्रजीतली रोजची संभाषणं आणि शोधनिबंध शेजारी-शेजारी ठेवून मोजले, आणि निघालं असं की गौण वाक्यं बोलण्यातच जास्त असतात. कट्ट्यावर, फोनवर, भांडणात. ‘मला वाटतं की’, ‘तो म्हणाला की’, ‘कारण ती आलीच नाही’ हे बोलतानाचे सांधे आहेत. अभ्यासू लेखनाचं वजन असतं नामांभोवती. मग तुम्ही विद्यार्थ्याच्या लेखनाची प्रगती संभाषणाच्या खुणांनी का मोजताय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. दुसरा लेख लू यांचा. चिनी विद्यार्थ्यांच्या निबंधांत १४ पैकी कुठली मापं पातळी ओळखायला सर्वात उपयोगी ठरली? उपवाक्याची सरासरी लांबी आणि दर उपवाक्यामागे भरदार नामपदं. गौण वाक्यांची मापं मागे पडली.

दोन उदाहरणांनी बघा. ‘आय थिंक दॅट ही इज लेट बिकॉज द बस डिड नॉट कम.’ बारा शब्द, तीन उपवाक्यं, त्यातली दोन गौण. माझ्या क्लासच्या लाल पेनाला हे आवडलं असतं. आता हे: ‘द लेट अरायव्हल ऑफ द मॉर्निंग बस कॉज्ड हिज डिले.’ दहा शब्द, एक क्रियापद, एकच उपवाक्य. शाळेच्या भाषेत केवल वाक्य, सर्वात खालच्या पायरीवरचं. पहिलं वाक्य सहा वर्षांचं इंग्रज मूल सहज बोलेल. दुसरं लिहायला बरीच वर्षं वाचावं लागतं. एका उपवाक्यामागे शब्द मोजले तर पहिल्यात चार, दुसऱ्यात दहा.

४६ वर्षांपूर्वी हंट यांच्या कागदावर ८.६ वरून ११.५ अशी उडी होती ती हीच. बायबर यांच्या म्हणण्यावर वादही झाले. बोलण्यासारखं लिहिता येणं हीदेखील नवशिक्याची कमाई आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यात गौण वाक्यं मोजायला हरकत काय, असा मुद्दा राहतोच. मला तो पटतो. पण वर्गावर्गांत जे पोचलं ते हंट यांचं अर्धंच गणित होतं. ‘बिकॉज घाला’ असं शिकवणं सोपं, ‘नाम भरदार करा’ असं शिकवणं अवघड. बाजार तर सोप्याकडेच वळणार.

परीक्षाही वळल्या. जीमॅटचे निबंध १९९९ पासून माणसाबरोबर ‘ई-रेटर’ हे सॉफ्टवेअरही तपासू लागलं. २०१४ मध्ये एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘बेबल’ नावाचं यंत्र केलं. दोन-तीन शब्द द्यायचे, ते लांब-लांब, व्याकरणशुद्ध आणि संपूर्ण अर्थहीन निबंध ओकतं. अशा निबंधांना तपासणाऱ्या यंत्रांनी चांगले गुण दिले. पेजचा खूण आणि गुण यातला फरक असा विनोद होऊन परत आला. आयईएलटीएसचं लेखन माणूस तपासतो, तरी वरच्या बँडसाठीच्या निकषांत ‘मिश्र वाक्यरचना’ आहेच, आणि क्लासवाले त्याचा अर्थ लावतात तो लाल पेनाने.

यात मराठी माणसाची एक खास गोची आहे, तिचा उल्लेख मला या विषयावरच्या वाचनात कुठे भेटला नाही. ‘काल आलेल्या मुलाने आणलेलं पुस्तक हरवलं.’ हे आपलं अगदी घरगुती वाक्य. क्रियापद एकच, ‘हरवलं’. हंट यांच्या नियमाने उपवाक्य मोजायचं तर कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद हवं, म्हणजे इथे गौण वाक्यं शून्य. हेच सरळ इंग्रजीत नेलं तर एकाच्या पोटात दुसरं अशी दोन ‘हू’ आणि ‘दॅट’ची वाक्यं लागतात. ‘उठून, आंघोळ करून, डबा घेऊन बस पकडली’ यातही तेच. आपण पिढ्यान्‌पिढ्या वाक्यं गिळून विशेषणं आणि धातुसाधितं करत आलोय, अ‍ॅल्युमिनियमच्या प्रयोगात कसलेल्या लेखकांनी केलं तसंच. इंग्रजी वर्गात शिरलो की ही सवय बाहेर ठेवावी लागते आणि ‘बिकॉज’पासून सुरुवात करावी लागते. माझी आजी चौथी शिकलेली. तिच्या एका वाक्यात अशी चार-पाच धातुसाधितं सहज असायची, आणि हंट यांच्या पट्टीवर ते एकच केवल वाक्य भरलं असतं.

मराठीची वाक्यं मोजायला बसायचं तर आधी मराठीची झाडं हवीत. ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ या जगभरातल्या भाषांच्या खुल्या संग्रहात मराठीची एक ट्रीबँक आहे. विकिस्रोतावरच्या गोष्टींमधून घेतलेली वाक्यं, एकूण ४६६. ‘आलेला’ आणि ‘आणलेलं’ यांना तिथे कुठली फांदी दिली आहे ते मी सध्या एकेक झाड उघडून बघतोय.